शाळेच्या नाटकातल्या तलवारी: हातात मुकी, विंगेत बोलकी

शाळेच्या नाटकात द्वंद्वाचा प्रवेश आला की सगळ्यांची धावपळ तलवारी मिळवण्यासाठी होते. त्या वाजणार कशा, याचा विचार बहुतेक ठिकाणी रंगीत तालमीपर्यंत कुणी केलेलाच नसतो. मी मुलांची नाटकं बसवते आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायचं सामान, स्वतः बघते. प्लास्टिक, लाकूड, पत्रा मारलेलं लाकूड, फोम, अ‍ॅल्युमिनियम अशा सगळ्या तलवारी मी मुलांच्या हातात देऊन पाहिल्या आहेत. त्यांच्या जोडीला रेकॉर्ड केलेले आवाज वापरले आणि विंगेतून प्रत्यक्ष काढलेलेही. यंदाच्या नाटकात दोन सावत्र राजपुत्रांचं लांबलचक द्वंद्व होतं आणि ते रंगलं, म्हणून हा आढावा आत्ता लिहिते आहे. पुढचं नाटक बसवणाऱ्या कुणाला तरी तो उपयोगी पडावा.

माझं मत आधीच सांगते. मुलाच्या हातातली तलवार मुकी असावी. आवाज दुसऱ्याने काढावा, आणि तो दुसरा विंगेत दोन पोलादी सळया घेऊन उभा असलेला विद्यार्थीच असावा. बाकीचं सगळं सामान मी याच कसोटीवर तोलते आहे.

खेळण्यातल्या प्लास्टिकच्या तलवारीवर फार शब्द खर्च करत नाही. ती पोकळ असते, तिचा 'टप्प' असा रिकामा आवाज शेवटच्या रांगेलाही कळतो. दरबाराच्या प्रवेशात शिपायांच्या कमरेला लटकवायला चालेल, लढाईला नको.

लाकडी तलवार हाताला फार छान लागते. वजन असतं, मूठ भरीव असते, मुलांना ती धरल्याबरोबर उभं कसं राहायचं ते आपोआप समजतं. पण दोन लाकडी पाती भिडली की 'खट्ट' होतं, आणि तो खट्ट इतका ठळक असतो की त्यावर दुसरा कुठलाही आवाज चढवला तरी खालून तो ऐकू येतच राहतो. शिवाय कडेचे ढलपे निघतात. प्रत्येक तालमीनंतर पातं हाताने चाचपून सँडपेपर मारावा लागतो.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे लाकडी पात्यावर पातळ पत्रा ठोकायचा. दिसायला तलवार एकदम खरी दिसते. आवाजाचं मात्र काहीच साधत नाही आणि वर धोका वाढतो. पत्र्याचा कोपरा एकदा उचकटला की तो ब्लेडच होतो. आवाज का येत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धातू वाजतो तो मोकळा थरथरल्यामुळे. पत्रा लाकडाला खिळ्यांनी घट्ट बसवला की त्याची थरथर लाकूड क्षणात गिळून टाकतं. उरतो तो 'खळ्ळ' असा मोडका आवाज. म्हणजे तलवारीत धातू किती आहे याला महत्त्व नाही, तो किती मोकळा आहे याला आहे.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याच्या तलवारी. नाटकासाठी म्हणून ज्या भाड्याने किंवा विकत मिळतात त्यांत या सगळ्यांत भारदस्त दिसतात, आणि पहिल्या भेटीत मलाही त्यांनी जिंकून घेतलं होतं. दोन पाती एकमेकींना नुसती लागली तरी 'टण्' होतं. पोलादाच्या तुलनेत वजन साधारण एक तृतीयांश: अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५. त्यामुळे मुलाचं मनगट थकत नाही. गंमत अशी की आकार अगदी तोच ठेवला तर अ‍ॅल्युमिनियमच्या आणि पोलादाच्या दांड्याचा स्वर जवळजवळ एकच लागतो, कारण दोन्ही धातूंमधून ध्वनी धावतो तो वेग जवळपास सारखा, सेकंदाला पाच हजार मीटरच्या आसपास. फरक पडतो तो आवाजाच्या वजनात. पोलादाच्या मागे वस्तुमान असतं, त्यामुळे त्याचा खण् सभागृहाच्या टोकापर्यंत जातो. अ‍ॅल्युमिनियमचा टण् रंगमंचापाशीच संपतो.

या तलवारी नीट घडवलेल्या असतील तर पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं असतं आणि मागच्या गोळ्यापाशी नटाने किंवा ठोकून पक्कं केलेलं असतं. घेताना हेच पहिलं पाहायचं. तलवार हातात धरून मुठीवर दुसऱ्या हाताने थाप मारा. आत काही खुळखुळलं तर ती परत करा. आमच्याकडे आलेल्या एका जोडीतली एक मूठ अशी खुळखुळत होती. पुरवठादाराचं म्हणणं होतं की थोडं ढिलं असायचंच. नसायचं. ढिल्या मुठीतून सुटलेलं पातं पहिल्या रांगेत जाऊ शकतं.

अ‍ॅल्युमिनियम मऊ धातू आहे. कडेवर कड आपटली की खाचा पडतात आणि खाचेच्या तोंडाशी धातूची बारीक कुसळं उभी राहतात. ती बोट कापतात, पोशाखाचे धागे ओढतात. म्हणून प्रत्येक तालमीनंतर कानस मारणं आलं. अ‍ॅल्युमिनियमची तलवार पोलादी तलवारीशी कधीही भिडवू नये, पोलाद तिला अक्षरशः सोलून काढतं. आणि तलवारबाजीच्या खेळातली बारीक लवचीक पाती नाटकात आणू नयेत, ती मुखवटा आणि जाड जाकीट घातलेल्या खेळाडूंसाठी असतात.

पण या तलवारींविरुद्धचा माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. धातूची तलवार जितक्या जोरात मारावी तितकी जास्त वाजते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच तालमीत कळतं. तुम्ही त्याला शिकवता की वार हलका, पात्याला पातं फक्त टेकवायचं, अंतर राखायचं. तो शिकतोही. मग प्रयोगाच्या दिवशी समोर गर्दी असते, त्याला स्वतःचा टण् पुरेसा मोठा वाटत नाही, आणि हात आपोआप वाढतो. समोरचा भाऊही वाढवतो. आवाज हे जोराचं बक्षीस झालं की संयम शिकवून टिकत नाही. मी मुलांना दोष देत नाही, ते नाटक चांगलं व्हावं म्हणूनच तसं करतात. म्हणून मी आवाज त्यांच्या हातातूनच काढून घेतला. तलवार कितीही जोरात मारली तरी वाजणारच नाही असं कळलं की मुलं जोर लावणं सोडतात आणि चेहरा, पाय, श्वास यांकडे वळतात. यंदा आमचा धाकटा राजपुत्र जितका हळू लढला तितका तो भयंकर दिसला.

मुकी तलवार म्हणून फोमचीच निवड करावी. चपलांच्या तळव्यांना वापरतात तोच ईव्हीए फोम, पण आत काहीतरी ताठ हवं. बाजारात मिळणाऱ्या तयार फोमच्या तलवारींत बहुधा फायबरग्लासचा बारीक दांडा असतो. त्या अंगाला लागल्या तरी इजा कमी होते, मात्र वार थांबल्यावर टोक थरथरत राहतं आणि पुढच्या रांगेतल्यांना ते दिसतं. त्यापेक्षा आत लाकडी पट्टी आणि दोन्ही कडांना व टोकाला फोम, अशी घरी केलेली तलवार मला जास्त आवडली. पातं ताठ राहतं, कड कडेला लागली तर 'थप्' असा दबका आवाज येतो आणि तिसऱ्या रांगेपुढे तो पोचत नाही. फोमवर पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, आधी काळा रंग, त्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी. एकदम चंदेरी रंग फासला तर तलवार दिव्याखाली कागदी दिसते. खालचा काळा खोलगटात राहिला की पोलादाचा भास होतो. दोष एकच: फोमची कड चेपते आणि मध्यंतरात तपासून गोंद-रंगाचा हात द्यावा लागतो. फोम आहे म्हणून डोक्यावर वार चालतो असं मात्र नाही. आत लाकूड आहे हे विसरू नका. डोकं आणि चेहरा यांच्या रोखाने एकही वार नको, आणि पडदा उघडण्याआधी दर वेळी अख्खी लढाई एकदा संथ गतीने करून घ्यायची. व्यावसायिक नाटकांतही प्रयोगाआधी ही उजळणी होते.

आता आवाज. बहुतेक शाळा रेकॉर्ड केलेला आवाज वापरतात, आणि त्यासाठी लागणारी साधनं आज खरोखर उत्तम आहेत. फ्रीसाउंड हे संकेतस्थळ बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये सुरू केलं. तिथे तलवारींचे आवाज शोधले तर निवड करता करता दमाल. खातं उघडलं की उतरवून घेता येतात, पैसे लागत नाहीत. प्रत्येक आवाजाखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचा: सीसी झिरो असेल तर कसाही वापरा, अ‍ॅट्रिब्युशन असेल तर करणाऱ्याचं नाव नाटकाच्या माहितीपत्रकात द्या, नॉन-कमर्शियल असेल आणि तुम्ही तिकीट लावणार असाल तर दुसरा निवडा. मुलांना हे वाचायला लावणं मला महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी कुठेतरी माइक लावून तो आवाज टिपलेला असतो, त्याचं नाव छापलं की मुलांनाही त्या कामाची किंमत कळते.

कापाकापीला ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर पुरतं, तेही विनामूल्य. आवाजाच्या सुरुवातीची शांतता अगदी पहिल्या लाटेपर्यंत कापा. फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्रीत नको. एमपीथ्री करताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा घातली जाते आणि इथे आपल्याला तेवढीही परवडत नाही. मागे घुमणारा प्रतिध्वनी असलेले आवाज टाळा, सभागृह स्वतःचा प्रतिध्वनी घालतंच. आवाज सोडायला मॅक असेल तर क्यूलॅबसारखं दुसरं सॉफ्टवेअर नाही. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत दोन वाहिन्यांचा साधा ध्वनी सोडता येतो, शाळेला तेवढं भरपूर झालं. कळ दाबली की आवाज, इतकं सरळ.

एक गोष्ट मात्र सक्तीची समजा: ब्लूटूथ स्पीकर नको. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो. गाण्याला चालतं, तलवारीला चालत नाही. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे, बीटी.१३५९. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतो, उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. आपण उशिराला सवयीने क्षमा करतो, कारण निसर्गात आवाज नेहमी उजेडाच्या मागूनच येतो. वीस मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला रंगमंचावरचा खण् तसाही ५८ मिलिसेकंदांनी पोचतो. त्यात ब्लूटूथचे दोनशे मिळवा, म्हणजे पाती विलग झाल्यावर खणखणाट ऐकू येईल. वायरच लावायची. आणि स्पीकर प्रेक्षकांच्या डोक्यावर नको, मागच्या पडद्याआड लढाईच्या पाठीशी ठेवायचा.

एवढं सगळं करूनही रेकॉर्ड केलेला आवाज मला द्वंद्वासाठी अपुरा वाटतो. अख्ख्या लढाईचा एकच ट्रॅक लावला तर मुलं ट्रॅकची गुलाम होतात. एखाद्याचा पाय अडला, एक वार चुकला, की पुढचे सगळे खण् हवेत वाजत राहतात. प्रत्येक वाराला वेगळी कळ ठेवली तर ते बरं चालतं, पण प्रत्येक खण् एकाच जोराचा येतो. खऱ्या लढाईत दोन वार कधीही सारखे नसतात, आणि प्रेक्षकाला हे सांगता आलं नाही तरी कानाला खटकतं. शिवाय ध्वनिक्षेपकाचं टेबल बहुधा सभागृहाच्या मागे असतं, तिथून मुलांचे खांदे आणि डोळे दिसत नाहीत.

रेकॉर्डिंग मी दोनच ठिकाणी ठेवलं. पडद्याआड चाललेल्या लढाईचा दूरचा गलबला, आणि म्यानातून तलवार उपसल्याचा तो लांबलचक 'शिंग्' आवाज. लाकडी किंवा चामडी अस्तराच्या म्यानातून खरी तलवार जवळजवळ आवाज न करता निघते. शिंग् ही चित्रपटांच्या ध्वनी-कलाकारांची देणगी आहे. मी तो ठेवला, कारण प्रेक्षक आता त्याची वाट बघतात. पण फक्त एकदा, मोठ्या राजपुत्रासाठी. शिपायांच्या तलवारी गुपचूप निघाल्या आणि त्यामुळे ती एक तलवार महत्त्वाची वाटली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. चित्रपटात पडद्यावरच्या हालचाली बघत बघत हाताने आवाज काढण्याची पद्धत जॅक फोली यांच्या नावाने ओळखली जाते, १९२९ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये बोलपटांसाठी त्यांनी ती रुजवली. रंगमंचावर ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जपानच्या काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारात प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, रंगमंचाच्या कडेला एक माणूस उघडपणे बसलेला असतो आणि लाकडी ठोकळ्यांनी फळीवर ठोके देतो. या ठोक्यांना त्सुके म्हणतात आणि ते देणाऱ्या माणसाला त्सुके-उची. लढाईतला वार, नटाची धाव, त्याची ठाम उभी राहण्याची मुद्रा, हे सगळं तो ठोक्यांनी अधोरेखित करतो. तो नटाकडे बघत असतो आणि नट त्याच्या ठोक्यावर विसावतो. मला मुलांच्या नाटकात नेमकं हेच हवं होतं.

सामान अगदी साधं आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत गोल पोलादी सळया, एक ३० सेंटीमीटरची, दुसरी जरा लांब, ४० ची. एक चपटी पोलादी पट्टी. टोकं कानशीने गोल करून घेतलेली. सुतळी. बस्स. बांधकामाची पीळदार सळई घेऊ नका, तिच्या उंचवट्यांमुळे आवाजात खरखर येते.

दोन सळया एकाच लांबीच्या घेऊ नका, हे आग्रहाने सांगते. सळईचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, लांबी निम्मी केली की कंपनसंख्या चौपट होते. ३० सेंटीमीटरच्या त्या सळईचा मूळ स्वर सुमारे ६०० हर्ट्झ, त्यावरचे पुढचे दोन साधारण १,६५० आणि ३,२४०. १ : २.७६ : ५.४० असं हे गुणोत्तर आहे. तारेसारखं १ : २ : ३ नाही, आणि म्हणूनच धातूचा आवाज गाण्यात मिसळत नाही, तो टोचतो. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. ही छोटी सळई बरोबर तिथे बोलते, म्हणून माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाते. दोन्ही एकाच लांबीच्या असल्या की एकच स्पष्ट स्वर लागतो आणि घंटा वाजल्यासारखं वाटतं. लांबी वेगळी ठेवली की स्वर एकमेकांत अडखळतात आणि तलवार ऐकू येते.

सळई कुठे धरायची हे त्याहून मोठं. मुठीत आवळून धरली तर 'टक्'. टोकाला धरली तरी तेच. एका टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या सळईत पावणेसात सेंटीमीटरवर, एक जागा असते जिथे सळई मूळ स्वरासाठी थरथरतच नाही. अंगठा आणि पहिलं बोट तिथे नुसतं टेकवून धरा आणि दुसऱ्या सळईने मध्यावर ठोका द्या. पहिल्यांदा हे करून दाखवलं तेव्हा वर्गातली सगळी मुलं एकदम वळून बघायला लागली, इतका तो लख्ख खणखणला. आम्ही त्या जागी रंगीत चिकटपट्टीची खूण केली, सुतळीचा एक वेढा बसवला आणि धरायला छोटा फास केला. अंधारात बोटांना ती जागा चटकन सापडते.

पण लख्ख खण् म्हणजे तलवार नव्हे. तलवार मुठीत आवळलेली असते, ती लांब घुमत नाही. ठोका दिल्यावर पाव-अर्ध्या सेकंदात सळईवर तळहात टेकवून आवाज मारायचा. हा टेकवणारा हात या वादनाचा खरा आत्मा आहे. लगेच टेकवला तर तुटक, चिडका वार. किंचित थांबून टेकवला तर जड वार. ठोका देऊन वरची सळई खालच्या सळईवरून 'खर्रर्र' घासत नेली तर दोन पाती एकमेकांत अडकून दोघं भाऊ नाकाला नाक लावून ढकलत आहेत, हे प्रेक्षक डोळे मिटूनही सांगतील. घासायला गोल सळईपेक्षा चपट्या पट्टीची कड चांगली.

हे काम कुणाला द्यायचं? आम्ही ते दिलं एका मुलीला जिला रंगमंचावर यायचं नव्हतं. ताल पक्का, नजर स्थिर. तिला पहिल्या तालमीपासून लढणाऱ्यांबरोबर उभं केलं. हे फार महत्त्वाचं आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे पाती भिडलेली पाहून मग ठोका दिला तर तो उशिराच पडणार. तिला वाराची तयारी वाचायची असते: नजरानजर, खांदा मागे, पाय पुढे, मग वार. रंगमंचीय लढाईत ही तयारी मुलांना तशीही शिकवावीच लागते, सुरक्षिततेसाठी. तीच तयारी विंगेतल्या मुलीची खूण होते. सुरुवातीच्या तालमींत तिघंही मोठ्याने आकडे म्हणायची. नंतर आकडे गेले, श्वास राहिला. मोठ्या राजपुत्राचा वार एकदा चुकून हवेत गेला तेव्हा तिने हात थांबवला आणि प्रेक्षकांना वाटलं की धाकट्याने हुकवला. एवढं कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही.

प्रश्न पडेल की आवाज विंगेतून, एका बाजूने येतो, तो खोटा नाही वाटत? नाही वाटत. डोळ्याला जिथे पाती भिडताना दिसतात तिथूनच आवाज आला असं मेंदू मानून घेतो. शब्दभ्रमकाराची बाहुली बोलते असं वाटतं ते याच कारणाने. फक्त वेळ जुळायला हवी. लढाई दुसऱ्या टोकाला गेली तरी आम्हाला त्रास झाला नाही. विंगेच्या मागे एक प्लायवूडचा तक्ता तिरका उभा केला होता, तो आवाज रंगमंचाकडे ढकलत होता.

उणिवाही आहेत. विंगेत जागा लागते आणि तिथून लढाई स्वच्छ दिसावी लागते, त्यामुळे कोण कुठून आत येणार हे सगळं पुन्हा आखावं लागलं. बाकीच्या मुलांना सळया वाजवून बघायचा मोह होतो. एक चुकार खण् शोकप्रवेशात गेला की संपलं. आमच्याकडे त्या जाड पंच्यात गुंडाळलेल्या असायच्या आणि तिच्याशिवाय कुणी सोडवायच्या नाहीत असा नियम होता. अरुंद विंगेत हा आवाज कानाजवळ फार तीव्र लागतो, म्हणून सळया कमरेच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दूर. ती मुलगी आजारी पडली तर? दुसरी तयार ठेवा. आणि ठोके मोजके ठेवा. सतत खणखणाट झाला तर चौथ्या वारानंतर कान तो ऐकणं सोडून देतो. आमच्या लढाईत दोघं नुसती एकमेकांभोवती फिरायची तो भाग सर्वांत लांब होता, आणि त्यानंतरचा पहिला खण् सभागृहाला दचकवून गेला.

गुण द्यायचे तर पाचपैकी: अ‍ॅल्युमिनियमला तीन, तेही मोठ्या वयाच्या आणि प्रशिक्षित मुलांसाठी. फोम-लाकडाला साडेचार. रेकॉर्डिंगच्या साधनांना त्यांच्या जागी चार, द्वंद्वासाठी दोन. विंगेतल्या सळयांना पाच.

एक बारकावा राहिला. लढाईच्या शेवटी धाकट्याच्या हातातून तलवार गळून पडते. फोमची तलवार पाटावर पडली की 'थप्प', आणि सगळा प्रवेश तिथेच बसला असता. विंगेत आम्ही एक दगडी फरशी ठेवली आणि लांब सळई तिच्यावर सोडायची ठरवलं: ठण्, मग उसळून ठण-ठण-ठण. अडचण वेळ जुळवण्याची होती, कारण पडणारी तलवार पाहून सळई सोडली तर उशीर ठरलेला. उपाय भौतिकशास्त्रातच होता. दोघांनी हात सारख्याच उंचीवर धरायचे आणि एकाच श्वासावर उघडायचे. कमरेपासून, साधारण ९० सेंटीमीटरवरून, कुठलीही वस्तू सुमारे ०.४३ सेकंदात खाली येते, मग ती फोमची असो की पोलादाची. धाकटा राजपुत्र श्वास सोडतो तो खांद्यांतून दिसतो. मुलीने तो खांदा पकडला. फरशीवर आधी एक जुनी सतरंजीची पट्टी होती, ती काढून टाका, नाहीतर उसळी मिळत नाही.